उजळाईवाडीला धरलेला नवरदेव

नवरदेवाला हळद लागली की लग्न लागेस्तोवर हातातली कट्यार खाली ठेवायची न्हाय, आन त्याला एकटं सोडायचं न्हाय. आमच्या घरात ही रीत मी पाळून घेते. कुणी हसलं तर हसू दे, दात त्येचंच दिसत्यात.

दोन हजार तीन साली माझ्या भावाच्या पोराचं, सयाजीचं, कसबा बावड्यात लग्न होतं. नवरी आजऱ्याची उज्ज्वला. बाप लहानपणीच गेलेला, केरबामामानं वाढवलेली पोर. मामा फौजेत सुभेदार. सोयरीक ठरली तवा ते हद्दीवर, त्यामुळं त्यांनी नवरा बघितला नव्हता, आन आम्ही मामा. उज्ज्वलानं निरोप धाडलेला, "मामा पाठीशी असल्याबिगर मी बोहल्यावर चढणार न्हाय." आता बोला!

रेल्वेचं तिकीट मिळंना, म्हणून मामा लग्नादिवशीच विमानानं येणार होते. आन ऐनवेळी आमच्या जीपचा ड्रायव्हर गायब! सयाजी म्हणाला, "मीच जातो की." मग मी पण चढले. हळदीच्या अंगाला थंडी बाधू नये म्हणून त्याचं तोंड मफलरनं गुंडाळलं. कट्यारीच्या टोकाचं लिंबू वाटेत खड्ड्यात उडालं, ते काय घावलं न्हाय.

उजळाईवाडीच्या विमानतळावर मी विमानाची चौकशी करायला गेले. सयाजी कुंपणापाशी टाचा उंचावून आत बघत ऱ्हायला. विमान उतरलं, माणसं बाहेर आली, आन एक मिशाळ माणूस थेट हवालदाराकडं गेला.

"तो बघा. तोंड बांधलंय, हातात हत्यार हाय, कुणालातरी हेरतोय. आधी लोकांना मागं घ्या."

झालं! पोलिसांनी सयाजीला घेरलं. मी पदर खोचून पळाले.

"आरं बाबांनो, नवरा हाय त्यो!"

"नवरा असू दे नायतर नवरी," हवालदार म्हणाला, "हत्यार खाली ठेवायला सांगा."

"न्हाय ठेवायचं! रीत हाय आमची!" मी मिशाळाकडं वळले. "आन तुमचं डोळं फुटलं काय, पावणं?"

"बाई, हत्यार दिसलं की आधी सांगायचं," तो शांतपणे म्हणाला. "ओळखपाळख मागनं."

हवालदार म्हणाला, साहेब कोल्हापुरातनं येईस्तोवर हलायचं न्हाय. मुहूर्त दुपारचा!

"आत्ती, गप," सयाजी म्हणाला. त्यानं कट्यार भुईवर न ठेवता हवालदाराच्या हातात दिली. मग मिशाळाला म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं ते बरोबरच. मला बसू दे हितं. पर एक उपकार करा. ह्याच विमानानं सुभेदार केरबामामा आले असतील. त्यांना तेवढं बावड्याला पोचवा, माझी जीप न्या. ते दिसले न्हाईत तर उज्ज्वला रडत बसंल. माझं काय, मी सुटल्यावर येतो."

मिशाळ पुढं झाला. त्यानं आपल्या हातानं मफलर खाली ओढला. आत पिवळाधमक चेहरा.

"केरबा मीच," तो म्हणाला.

मी जीभ चावली. व्याह्याचं डोळं फोडून बसले होते की मी!

हवालदारानं पात्यावर बोट फिरवलं. काकडी सुदिक कापली नसती त्यानं. मामांनी फौजेचं ओळखपत्र दाखवलं, साहेबांशी फोनवर बोलणं झालं, आन हवालदारानं हसत कट्यार परत सयाजीच्या हातात दिली.

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरला, मामा उज्ज्वलाच्या मागं उभं ऱ्हायलं. तिनं हळूच विचारलं, "मामा, कसा हाय?"

मामांचा आवाज फौजेतला, हळू येतच न्हाय. साऱ्या मांडवानं ऐकलं.

"पोरी, पोलिसांनी धरला तवा मला सोडवा म्हणाला न्हाय त्यो. मामाला तुझ्याकडं पोचवा म्हणाला."