दिगूचं नाक आणि गौरींचं पुरण

माझा मुलगा दिग्विजय हल्ली जेवत नाही, हुंगतो. पान वाढलं की डोळे मिटून ताटावर वाकतो आणि मनात तीस आकडे मोजतो. आमटीला तीस, भाजीला तीस, लिंबाच्या फोडीलासुद्धा तीस. म्हैस बरी, समोर टाकलं की खाते तरी. अलकापुरीतल्या कुणा डाएटवाल्या गुजराती बेननं त्याला शिकवलंय, की वास भरपूर घेतला की भूक अर्धी होते. वर हेही, की अंगावर मांस चढलं की नाक मंदावतं, मग समाधान होत नाही म्हणून माणूस आणखी गिळतो.

अकरा किलो उतरला, ते खरं. खोटं कशाला बोलू? पण मला शहाणपण शिकवतो.

"आई, तुझंही वजन ब्याऐंशी झालंय. नाक जपून हो."

"माझं नाक बघून तुझ्या बापानं होकार दिला होता. त्याला काही धाड भरलेली नाही."

आता आमच्याकडे गौरींना नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखत नाही, की हुंगत नाही. वासानंही उष्टं होतं. म्हणून गौरी जेवायच्या दिवशी मी दिगूच्या नाकावर फडकं बांधलं आणि त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं.

"मग पुरण झालं की नाही ते तू वासावरनं कसं ओळखतेस?" फडक्यातनं आवाज आला.

"मी वास घेत नाही. तो माझ्याकडे येतो."

चाळीस वर्षं येत होता. गूळ घातला, गॅस बारीक केला आणि मी निवांत अळूवड्या तळायला घेतल्या. करजणहून माझी नणंद, वसुंधरावन्सं, जेवायला यायच्या होत्या. त्यांना माझ्या हातच्या एका पुरणाला तेवढी नावं ठेवता आलेली नाहीत. बाकी सगळ्याला ठेवून झालीत.

"आई, पुरण लागतंय खाली!" दिगू ओरडला.

"गप बस! फडकं घट्ट कर!"

मी पातेल्याकडे तोंड केलं. मला नुसता वेलचीचा वास आला. सुनेकडे, उत्कर्षाकडे, पाहिलं. ती खाली मान घालून एकच काकडी केव्हाची चोचवत होती. म्हणजे तिलाही कळलं होतं. तोंड उघडायची छाती नव्हती एवढंच. डाव खाली घालून खरवडलं, तर काळे पोपडे वर आले. सगळं पुरण करपट झालेलं.

माझा हात जायफळाच्या डबीकडे गेला. दोन जायफळं किसली असती तर वन्संना पत्ता लागला नसता. गौरींना लागला असता. डबी बंद केली, पातेलं खाली उतरवलं आणि नवी डाळ कुकरला लावली.

"दिगू, आत ये. फडकं काढ. इथं उभा राहा."

"आणि उष्टं?"

"गौरींना मी सांगते. तू नाक चालव."

नैवेद्याला अडीच वाजले. वन्सं आल्यापासून घड्याळाकडे पाहत होत्या. पानावर बसता बसता म्हणाल्या,

"वहिनी, यंदा गौरींना उपास का?"

उत्कर्षा घाईनं म्हणाली, "गॅसच संपला होता, आत्या."

"गॅस कसला संपतोय," मी म्हटलं. "पुरण करपलं. मला वास आला नाही. दिगूला आला."

वन्संनी पोळीचा घास तोंडात घोळवून पाहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पुरणाला नावं ठेवायला मिळालं, तर घासात खोड सापडेना. पोळी झकास झाली होती.

मी दिगूच्या पानात दुसरी पोळी वाढायला घेतली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ऐक. पुढच्या वर्षीपासून गौरींच्या पुरणापाशी तू उभा राहायचंस, मी नाही. पण तोवर एक किलो जरी वाढलास ना, तर याद राख. ही पोळी मी उत्कर्षाला वाढते."