तिसऱ्यांदा लिहिलेलं पान

वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलीला मी, शाळेच्या समुपदेशकाने, एक वही दिली. मनात आलेला विचार लिहायचा, मग तो खरा असल्याचा पुरावा आणि खोटा असल्याचा पुरावा.

आठवड्याने मुलगी आणि तिच्या आईसाहेबांसोबत वही आली. काय देखणी! औषधालाही खाडाखोड नाही.

"तीनदा लिहून घेतलं," आईसाहेब कौतुकाने म्हणाल्या. "आधीची दोन पानं मीच फाडली. गिचमिड नुसती!"

धन्य ती माउली! मी वाचलं.

विचार: माझं चुकलं की आई चिडते.
खरा असल्याचा पुरावा: हे पान तिसऱ्यांदा लिहितेय.
खोटा असल्याचा पुरावा: काहीच नाही.

मी वही आईसाहेबांपुढे सरकवली. अक्षर सोडून मजकूर त्यांनी बहुधा आत्ताच पाहिला.

"काहीच नाही?" त्या लेकीवर कडाडल्या. "नीट आठवून लिही!"