गच्चीवरून अर्धंच

शालूबाईंनी तुरीची शेंग अंगठ्याच्या नखानं फोडली आणि दाणे ताटात पडायचे ते साडीवर सांडले, कारण खाली मोतीराम हसले होते.

पुन्हा हसले.

फाटकापाशी कोवळ्या उन्हात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीत शेजारच्या क्वार्टरातले मोतीराम, दुसरीत शालूबाईंचे यजमान सहदेव. मोतीरामांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि मोतीरामांनी आपली खुर्ची उचलून इकडं आणली, ती आणलीच. बैठक दोघांची, पण गच्चीवर ऐकू येई एकाचीच. मोतीरामांचा आवाज म्हणजे लग्नातला लाऊडस्पीकर. सहदेवांचा आवाज गच्चीच्या कठड्यापर्यंत कधी चढलाच नाही. कोर्टात लघुलेखक, सगळी हयात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली. उरलेलं अर्धं शालूबाईंनाच भरून काढावं लागे.

"सहदेवराव, थंडी कुठं राह्यली हो पह्यलेसारखी? आपण नवीन आलो तवा बुलढाण्याले खोबऱ्याचं तेल बाटलीतून निघत नव्हतं. चुलीपाशी धरा लागे बाटली!"

……

(इथं सहदेव म्हणाले असणार: मी बीबी गावच्या उन्हात वाढलेला माणूस. इथं पह्यल्या हिवाळ्यात शालूनं दोन गोधड्या एकमेकीले शिवल्या, तवा कुठं झोप लागली.)

शालूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. गोधड्यांची गोष्ट परक्या माणसाला सांगायची असते का? सांगितली की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण सांगितली असेल, या नुसत्या विचारानं त्यांचे कान तापले.

"अन् तो टीव्ही, बाप्पा! रविवारी सकाळी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. साऱ्या गल्लीत एकच डबा. मले माळवदावर चढवत अँटिना फिरवायले. खालून बोंब, आलं! गेलं! फिरव बे! साऱ्या गावानं देव पाह्यले, म्या नुसता बांबू पाह्यला. देव कसे दिसत होते ते मले लग्नानंतर समजलं!"

……

या वेळची रिकामी जागा ……

……

बरीच लांबली. मग मोतीराम म्हणाले, "वा! वा!"

आणि ही जागा काही केल्या शालूबाईंना भरता येईना. सहदेवांनी कुणाच्या घरी पाहिला असेल टीव्ही? पुढं बसून, की दारात उभं राहून? इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं. नवऱ्याच्या लग्नाआधीच्या रविवारांत त्या कुठंच नव्हत्या, आणि हे मोतीराम आयते तिथं जाऊन मांडी ठोकून बसले होते.

शेंगा संपत आल्या होत्या. एरवी एवढ्यात त्या खाली उतरत, त्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी टाकत. आज बसून राहिल्या.

"तं मंग देऊळघाटचं पक्कं!" खालून आवाज आला. "दोन प्लॉट, भिंतीले भिंत. मधात बारकं फाटक ठेवू. तुम्ही इकडं कवा आले ते वहिनीले समजणार बी नाही!"

……

"ठरलं!"

ताट खाली ठेवताना वाजलं.

महिनाअखेरीला सहदेव निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. बीबीला दिराच्या घरात दोन खोल्या होत्या. बुलढाण्यातच कुठं भाड्यानं राहता आलं असतं. पोराकडं जाता आलं असतं. रोज रात्री भाकरी वाढताना शालूबाई वाट पाहत, आज विचारतील. सहदेव भाकरी मोडत, जेवत, हात धूत. आणि इथं उन्हात बसून भिंतीला भिंत लागलीसुद्धा!

त्या जिना उतरल्या. चहा टाकला. एकच कप भरला. तो घेऊन निघाल्या आणि दाराच्या पडद्याआड थबकल्या, कारण इथून दोन्ही आवाज ऐकू येत होते.

"सकाळचं ऊन थेट अंगणात येते तिथं."

"हाव."

"बोअरले पाणी बी बक्कळ आहे म्हणतात."

"हं."

"मंग दाराचं तोंड पूर्वेले ठेवाचं ना?"

"हाव."

"का उत्तरेले?"

"हाव."

"मी बी तेच म्हणतो!"

शालूबाईंच्या हातातल्या कपावर साय धरू लागली. त्या अजून थांबल्या. आता तरी गोधड्या येतील, रविवार येतील, काहीतरी येईल. मोतीराम बोरांवर गेले, गुडघ्यांवर गेले, सुनेनं नातवाचं नाव काय ठेवलंय त्यावर गेले. हाव. हं. हाव. म्हणजे गच्चीवर बसून त्यांनी ज्याच्यावर इतके दिवस जळून घेतलं, ते सगळं बोलणं त्यांचं त्यांनीच रचलेलं होतं.

त्या बाहेर आल्या.

"घ्या भाऊजी, चहा."

"अन् सहदेवरावले?"

"त्याइचं पोट भरलं असन, बोलून बोलून."

"हे? अन् बोलून?" मोतीराम गदगदून हसले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "पुण्याहून आहे. बाळ दाखवते म्हणते. आलोच." आणि एका हातात कप, एका हातात फोन धरून ते आपल्या क्वार्टरात शिरले.

शालूबाई रिकाम्या खुर्चीत बसल्या. ती अजून गरम होती. हे त्यांना आवडलं नाही, पण उठल्या नाहीत.

"देऊळघाटले प्लॉट घेऊन राह्यलो म्हणते आपण."

सहदेवांनी मान वर केली. "कोण म्हणते?"

"तुम्हीच. हाव म्हटलं ना आताच."

"त्याच्या घरात बोलायले माणूस नाही सध्या. मी नाही म्हटलं तं गप बसन तो."

"मी तं आहे ना तुमच्या घरात? कुठं राहाचं, मले एका शब्दानं विचारलं नाही."

सहदेवांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"मी वाट पाहून राह्यलो."

"कायची?"

"तू काही म्हणशीन त्याची. मोतीराम खुर्ची टेकवत नाही तं सुरू होते. तू तं भाकरी वाढते अन् जाते. सकाळी शेंगा घेऊन वर. मले वाटलं, रागात आहे. कशाच्या ते समजत नव्हतं."

सहदेवांच्या वाटचं बोलणं शालूबाईंकडं हिवाळाभर पुरेल एवढं तयार होतं. स्वतःच्या वाटचं शोधायला गेल्या तर हाताला काही लागेना. फाटकाबाहेरून भाजीवाल्याची गाडी गेली. ती वळेपर्यंत त्या तिच्याकडंच पाहत राहिल्या.

मग म्हणाल्या, "बीबीले नाही राहाचं मले."

इतकी वर्षं सणावाराला दिराच्या दारात उतरताना जे गिळलं होतं, ते असं फाटकापाशी सांडलं होतं. सहदेवांनी खुर्ची जराशी पुढं ओढली.

"काऊन?"

त्यांनी सांगायला घेतलं. आधी अडखळत, मग न अडखळता. जावेचं, चुलीचं, पह्यल्या दिवाळीचं. सहदेव मधेच एखादं विचारत. ऑफिसची वेळ झाली होती. दोघांनाही ते माहीत होतं.

शेजारचं दार वाजलं. मोतीराम रिकामा कप घेऊन ओट्यावर आले. आपल्या खुर्चीकडं पाहिलं, खुर्चीतल्या शालूबाईंकडं पाहिलं. दोन पायऱ्या उतरले आणि परत चढले. मग फडकं घेऊन स्कूटरची सीट पुसायला लागले. सीट आधीच स्वच्छ होती. ते पुसत राहिले, सावकाश, एक कान इकडं करून.

शालूबाईंनी आवाज थोडा खाली घेतला.