मालनमावशींची नोंद माझ्या पोटात होती

मी विक्रोळीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातला संगणक. वय वर्षं तेरा. आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपणच.

पाच वर्षांपूर्वी मी इतका रेंगाळायला लागलो की ट्रस्टनं मला भंगारात काढायचं ठरवलं. नवी प्रणाली मला पेलत नव्हती. तेव्हा रतनदादा आडवे आले. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. "दमलंय ते, मेलं नाही," म्हणाले आणि एका दुपारी त्यांनी माझ्यात लिनक्स घातलं. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं ती लिहितात, दुरुस्त करतात आणि कुणालाही वापरू देतात. मी पुन्हा तरतरीत झालो.

गावी कायमचं जाण्याआधी दादांनी नर्स शकुताईंना सगळं शिकवलं. "फुकट मिळालं म्हणून वाऱ्यावर सोडायचं नाही, शकु. झाडलोट करत राहायची. आणि नोंदींची एक प्रत बाहेर ठेवायची."

वर्षभर शकुताईंनी ते केलं. मग पेशंट वाढले, एक नर्स सोडून गेली. प्रत्येक अपडेटबरोबर प्रणालीचा नवा गाभा, म्हणजे मला जागं करणारा भाग, यायचा, जुने तसेच पडून राहायचे. त्यांच्यासाठी माझ्यात जागा असते टीचभर. 'जागा संपत आली आहे,' मी रोज पडद्यावर सांगायचो. शकुताई पेशंटशी बोलता बोलता 'नंतर' दाबायच्या.

व्हायचं तेच झालं. एका सोमवारी अपडेट अर्ध्यावर अडकलं. मंगळवारी सकाळी शकुताईंनी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या आणि मी तिथेच थिजलो.

त्याच वेळी श्रुतिका सासूला रिक्षातून घेऊन आली. मालनमावशींचा पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला होता, ताप एकशे चार, त्या काहीबाही बरळत होत्या.

"एकदा इंजेक्शननं त्यांचा घसा सुजला होता," श्रुतिका म्हणाली. "कुठलं ते नाही माहीत. मी तेव्हा लग्न होऊन आले नव्हते."

डॉक्टर जान्हवी महिन्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या. "शकुताई, नोंद काढा."

"मॅडम, सुरूच होत नाहीये."

"अॅम्ब्युलन्स हायवेला अडकलीय. बीपी उतरतंय. दहा मिनिटं थांबते, मग मला काहीतरी द्यावंच लागेल."

मला ते औषध ठाऊक होतं. तारखेसकट माझ्या पोटात लिहिलेलं होतं. पण तोंड उघडत नव्हतं.

शकुताईंनी पडद्यावरची ओळ मोबाइलवर शोधली. हेच दुखणं कुठल्या परक्या मुलखातल्या माणसानं एका संकेतस्थळावर प्रश्न म्हणून मांडलेलं होतं. पहिलं उत्तर होतं: सगळं पुसा, नव्यानं घाला. त्यांनी खणातून लिनक्सचा पेनड्राइव्ह काढून मला लावलासुद्धा. मग हात थांबला. बाहेर प्रत नव्हती. पुसलं तर अकरा हजार माणसांच्या नोंदी जाणार होत्या.

"पाच मिनिटं उरली, शकुताई," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी पेनड्राइव्ह उपटला आणि खालची उत्तरं वाचली. चौथ्यात लिहिलं होतं: सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, यादीतून जुना गाभा निवडा. पहिल्यांदा वेळ चुकली. दुसऱ्यांदाही. श्रुतिका कडेला रडत होती. तिसऱ्यांदा यादी उघडली. शकुताईंनी खालची ओळ निवडली आणि मी जागा झालो.

"पेनिसिलिन," त्यांनी वाचलं. "घसा सुजला. पुन्हा देऊ नये."

डॉक्टरांनी ट्रेमध्ये काढून ठेवलेलं इंजेक्शन उचलून बाजूला केलं. "हेच देणार होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि दुसरं भरायला घेतलं.

मावशी बाराव्या दिवशी चालत आल्या, शकुताईंसाठी आंबोळ्या घेऊन. शकुताईंनी डबा घेतला, पण डॉक्टरांना म्हणाल्या, "चूक माझी होती, मॅडम. महिनाभर सांगत होता तो."

आता दर शनिवारी त्या माझी साफसफाई करतात आणि नोंदींची प्रत डॉक्टरांच्या कपाटात ठेवतात. त्या परक्या माणसाच्या प्रश्नाखाली त्यांनी सगळा उपाय मराठीत लिहिला. परवा त्याखाली नागोठण्याच्या एका शाळेतून दोन शब्द आले: "झालं, ताई."

माझा पंखा हल्ली घरघरतो. अजून वर्ष, दोन वर्षं निघतील. जाण्याआधी मागणं एकच: जिथे यंत्र ठेवाल, तिथे त्याचं ऐकणारं एक माणूसही ठेवा.