बादलीत पस्तीस

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक दिवाणखाना समोर आणा. त्यातला सोफा कोपऱ्यात ढकललेला आहे. पुस्तकांचं कपाट गेलं आहे खोल्यांमधल्या बोळात, त्यामुळे तिथून जाताना प्रत्येकाला पोट आत घ्यावं लागतं. आणि जिथे पूर्वी सोफा होता तिथे, एक मोठा माणूस हातपाय ताणून झोपेल एवढी काचेची टाकी आहे. टाकीत पाणी, पाण्यात दगड, दगडांवर निळसर उजेड. आता त्यात मासे शोधा. सापडत नाहीत ना? सापडणार कसे, अजून सोडलेलेच नव्हते.

एवढं दिसलं असेल, तर टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले आजोबाही दिसतील. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेतून निवृत्ती मिळाली, पण जिभेला कोणी निवृत्तीचा हार घातला नाही. जिन्यात भेटणाऱ्यालाही ते इंद्रधनुष्य समजावून सांगत. म्हणून हल्ली शेजारपाजारचे लोक जिना जरा भरभर उतरत.

घरात समुद्र आणायची कल्पना त्यांचीच. त्यांच्या नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सदानकदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असे. तिने एकदा विचारलं, "आजोबा, समुद्रातले दगड जिवंत असतात?" आजोबांनी "सगळे नाही, प्रवाळ मात्र जिवंत असतात," एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण एका वाक्यात थांबले तर ते आजोबा कसले? उत्तर सुरू झालं आणि ते थेट टाकी घरी आल्यावरच संपलं.

टाकी आणतानाच आजोबांनी आपला स्वभाव दाखवला. त्यांनी टाकी मोजली होती. भिंत मोजली होती. जमीन किती भार पेलेल हे एका इंजिनियरला विचारलं होतं. जिन्याचं वळण मोजायचं तेवढं राहिलं. टाकी तिथे अडकली आणि चार हमाल घामाघूम होऊन आजोबांकडे बघू लागले. शेवटी शेजारणीने आपलं दार उघडलं, टाकीचं एक टोक तिच्या स्वयंपाकघरात शिरलं आणि वळण सुटलं.

"सगळं मोजता हो तुम्ही," आजी म्हणाली. "जे मोजायला हवं ते सोडून."

हे वाक्य आजोबांनी तेव्हाच फळ्यावर लिहून ठेवायला हवं होतं.

मग पाणी तयार करायचा सोहळा. या टाकीत नळाचं पाणी चालत नाही. गाळून शुद्ध केलेलं पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात समुद्री मीठ ढवळायचं. खारटपणा मोजायला दुर्बिणीसारखी एक छोटी नळी मिळते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळी रेघ पस्तीसच्या आकड्यावर आली की झाला समुद्र.

"आयुष्यभर पस्तीस म्हणजे काठावर पास," आजोबा नळीला डोळा लावून म्हणत. "इथे मात्र पस्तीस म्हणजे पैकीच्या पैकी!"

मुंगी हसायची. पहिल्या वेळी खरंच, नंतर आजोबांना बरं वाटावं म्हणून.

टाकी भरली तरी मासे लगेच आणायचे नव्हते. का, माहीत आहे? माशांची घाण खाऊन संपवणारे अगदी बारीक जीव आधी दगडांवर वाढू द्यावे लागतात. ते नसतील तर मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. तोवर टाकीवर झाकण ठेवून नुसतं थांबायचं. आजोबांनी हे मुंगीला सांगितलं आणि मुंगी थांबली. तिच्या वयाचं मूल दगडांकडे बघत आठवडेच्या आठवडे थांबतं, ही काही साधी गोष्ट नाही. मोठ्या माणसांना ते तितकं जमलं नाही. पाहुणे यायचे, वाकून वाकून मासे शोधायचे, आणि आजी त्यांच्यापुढे चहा ठेवत सांगायची, "यांनी दगड पाळलेत. कुत्रा पाळला असता तर हाक मारल्यावर आला तरी असता."

मध्येच टाकीच्या तळाच्या वाळूवर तपकिरी शेवाळ धरलं. आजोबा खूश. "हे चांगलं लक्षण आहे!"

"मग मोरीतही खूप चांगली लक्षणं आहेत," आजी म्हणाली. "घासून काढता का?"

अखेर तो दिवस आला. दुकानातून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले, आणि मुंगीने स्वतः निवडलेला प्रवाळाचा एक तुकडा. तळहाताएवढ्या दगडावर हिरव्या बटणांचा दाट पुंजका, प्रत्येक बटण म्हणजे एक इवला जीव, त्याला नारिंगी झालर. प्रवाळाला उजेड आणि हवा हवी, म्हणून आता टाकीचं झाकण निघणार होतं. दुकानदार पिशवीला गाठ मारत म्हणाला, "सर, झाकण काढलं की पाणी रोज आटेल, तेव्हा वरून घालताना—"

"बाष्पीभवन!" आजोबा गरजले. "अहो, तीस वर्षं मुलांना तेच शिकवलंय. आणि तुम्ही मला सांगता?"

दुकानदाराने दोन्ही हात वर केले आणि गाठ पक्की केली.

घरी येऊन आजोबांनी सगळं शास्त्रशुद्ध केलं. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. मग टाकीतलं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडलं. "सावकाश," ते मुंगीला म्हणाले. "पाण्यातल्या जिवाला एकदम झालेला बदल सोसत नाही. चांगला बदलसुद्धा." शेवटी मासे सोडले आणि प्रवाळाचा दगड अलगद जागेवर ठेवला. मुंगी बघत राहिली. थोड्या वेळाने एक बटण उघडलं, मग दुसरं, आणि सगळ्या पुंजक्यावर झालरी डुलू लागल्या. मुंगीने आजोबांचा सदरा धरला.

पाणी खरंच रोज आटू लागलं. टाकीच्या खालच्या कपाटात पंपाची छोटी टाकी होती; मोठ्या टाकीतलं पाणी तिच्यातूनच फिरे, म्हणून आटलं की तिथली पातळी उतरे. आजोबांनी तिथे चिकटपट्टीची खूण केली. रोज सकाळी बादलीत मिठाचं पाणी तयार करायचं, नळीतून बघायचं, "पस्तीस!" म्हणून जाहीर करायचं आणि पट्टीपर्यंत भरायचं. बादली कधी एका रेघेने चुकली नाही. आजोबांना आपल्या हाताचा फार अभिमान वाटू लागला.

बादलीत थोडं पाणी उरे, ते मुंगी उचलून नेई. नाहीतर मुंगी कसली! खिडकीत तिने स्वतःची टाकी मांडली होती: एक जुनी ताटली, त्यात एक गोटा आणि एक प्लास्टिकचा मासा. तिनेही कडेला चिकटपट्टी लावली आणि रोज पट्टीपर्यंत पाणी घालू लागली. अगदी आजोबांसारखं, नळीचा अभिनय करून, एक डोळा मिटून.

आणि मग हिरवी बटणं मिटायला लागली.

आधी कडेची, मग मधली. झालरी आत गेल्या आणि पुंजका मुठीसारखा आवळला. मासेही खडकाच्या आडोशाला जाऊन बसले. आजोबांनी दिवे तपासले, पंप तपासला, पाण्याची ऊब तपासली. रोजचं पस्तीस तर होतंच. सगळं बरोबर, तर मग चूक कोणाची? आता बघा, शहाण्या माणसाला आपलं सगळं बरोबर दिसलं की तो इकडेतिकडे बघू लागतो.

"कोणी पाण्यात हात घातला होता का?" आजोबांनी विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण नजर खालीच वळली, जिथे मुंगी उभी होती.

मुंगीने आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकदा. फक्त बोट बुडवलं होतं. हे एवढं."

"त्याने होऊ शकतं," आजोबा म्हणाले. त्यांना ते पुरतं पटलं नव्हतं. पण दुसरं कारण सापडत नव्हतं, आणि सापडलेलं कारण सोडवतही नव्हतं.

त्या दिवसापासून मुंगी टाकीपाशी यायची ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. बटणं मोजायची, आणि निघून जायची. आजीने ते पाहिलं. "अहो, एवढ्याशा बोटाने समुद्र बिघडतो होय?" ती म्हणाली. आजोबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

एका सकाळी मुंगी ताटली घेऊन आली. सांडू नये म्हणून पावलं मोजत.

"आजोबा, माझ्या टाकीत बर्फ पडला."

गोट्यावर, माशाच्या शेपटीवर, ताटलीच्या कडेला पांढरे खडे जमले होते. आजोबांनी चष्मा लावला. शाळेची घंटा व्हावी तसा त्यांचा आवाज एकदम ताठ झाला.

"हा बर्फ नाही, मीठ आहे. पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणी हवेत जातं. मीठ जागचं हलत नाही. तू वरून काय घालत होतीस?"

"तुमच्या बादलीतलं. उरलेलं."

"म्हणजे खारं पाणी! अगं वेडाबाई, जुनं मीठ तिथेच बसलेलं, त्यात रोज नवं. मग मिठाचा डोंगर होईल नाहीतर काय? आटलेलं पाणी भरायला साधं पाणी घालायचं असतं. इतकी सोपी गोष्ट कळू नये?"

मुंगीने ताटलीकडे पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं.

"मग मोठ्या टाकीतलं मीठ कुठे जातं?"

"मोठ्या टाकीतलं मीठ," आजोबांनी सुरुवात केली.

वाक्य तिथेच राहिलं.

"काय हो?" आतून आजीचा आवाज आला. "वीज गेली का? आवाज बंद झाला तुमचा."

आजोबा उठले. नळी घेतली. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्यावर बादलीतला नव्हे, टाकीतला थेंब ठेवला. बेचाळीस. पुसून पुन्हा बघितलं. बेचाळीसच. पैकीच्या पैकीहून सात जास्त पडले म्हणून घाम फुटलेला माणूस जगात बहुधा तेवढाच. शाळेत असते तर त्यांनी स्वतःला उठाबशा काढायला लावल्या असत्या. त्याऐवजी ते खाली जमिनीवर, मुंगीसमोर बसले.

"तुझ्या बोटाने काहीसुद्धा झालं नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताने झालं."

"रोज?"

"रोज."

"पण बादलीत पस्तीस होतं ना?"

"बादलीत होतं गं."

आजी दारात येऊन उभी राहिली होती. "म्हणजे डब्यातलं मीठ रोज चाखलंत," ती म्हणाली, "आणि भाजी एकदाही नाही."

आजोबांनी मान हलवली. या वाक्यात दुरुस्ती करण्यासारखं काहीच नव्हतं. मग एकदम उठून त्यांनी साध्या पाण्याची भरलेली बादली उचलली आणि टाकीत उपडी करायला निघाले. मुंगीने बादलीची कडी धरली.

"सावकाश! एकदम बदल सोसत नाही. चांगलासुद्धा. तुम्हीच म्हणाला होता."

आजोबांनी बादली खाली ठेवली. आपला धडा आपल्याच विद्यार्थ्याकडून ऐकणं त्यांना नेहमी आवडत असे. त्या दिवशी तो औषधासारखा गिळावा लागला.

मग सुरू झालं थोडंथोडं. तांब्याभर खारं पाणी काढायचं, तांब्याभर साधं घालायचं, आणि पंपाला ते सगळीकडे मिसळू द्यायचं. रोज टाकीतला थेंब बघायचा. एक्केचाळीस. चाळीस. आकडा गोगलगाईसारखा उतरत होता. मासे आडोशातून बाहेर आले, पण मुंगीचा पुंजका मिटलेलाच. कडेची काही बटणं पांढरी पडून गळून गेली. ती परत येणार नव्हती, आणि आजोबांनी मुंगीला ते खरं तसं सांगितलं. तिने विचारलं, "बाकीची?" आजोबा म्हणाले, "माहीत नाही." विज्ञानाचे शिक्षक हे वाक्य फार क्वचित उच्चारतात. त्यांना वाटलं, आधी जरा जास्त वेळा उच्चारायला हवं होतं.

आकडा पस्तीसवर आला तरी बटणं मिटलेलीच होती. मुंगी हात पाठीमागे धरून येई, बघे आणि जाई.

मग एका दुपारी ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. आजोबा हळूच तिच्या मागे आले. पुंजक्याच्या अगदी मधलं एक बटण सैल झालं होतं. त्याच्या कडेने नारिंगी झालर बाहेर डोकावत होती, आत-बाहेर, आत-बाहेर, यावं की न यावं असं करत. मग ती पसरली. शेजारचं बटण उघडलं.

आजोबांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरला की त्यांचं तोंड उघडतं. "बघितलंस?" ते म्हणाले. "आता यामागचं शास्त्र असं आहे की—" बोलता बोलता सवयीने त्यांचा हात बादलीकडे गेला, कारण आज आटलेलं पाणी भरायचं राहिलं होतं.

मुंगीने पाठीमागचे हात सोडले. बादलीत वाकून एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. साधं होतं. मग तिने तांब्या भरला, कपाटाचं दार उघडलं आणि वर न बघताच म्हणाली, "आजोबा, हात मागे."

आजोबांनी हात मागे धरले. आणि मुंगी पट्टीकडे एक डोळा मिटून बघत, बारीक धारेने पाणी ओतू लागली.