उशिरा जन्मलेला जुळा

"आला गं माझा शेंद्र्या! बघा, तसाच्या तसा आला!"

मला आठवणारी पहिली हाक हीच. टेम्पोची फळी खाली टाकली होती, माझे कोवळे पाय लटपटत होते, आणि घरची म्हातारी, गिरिजाबाई, दोन्ही हात पसरून धावत येत होती. मला वाटले, माझ्या मागे कोणीतरी उभे असावे. मी वळून पाहिले. मागे रिकामा टेम्पो होता.

मित्रांनो, मी एक तरणा बैल आहे, पण जुन्या बैलाच्या रूपाचा. शेंद्र्या नावाचा लाल कंधारी बैल या घरात उभा जन्म राबला. अंगावर शेंदराची झाक, वशिंड भरदार, चाल राजाची. जनावरांच्या प्रदर्शनात त्याने मालकाला, सर्जेरावांना, फेटा मिळवून दिला होता. तो थकला तेव्हा दूरच्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर अर्पिता आल्या आणि त्याच्या कानाची डाळीएवढी कातडी घेऊन गेल्या. एका गायीचे बीजांड घेतले, त्यातले तिचे सत्त्व काढून शेंद्र्याच्या पेशीतले घातले, आणि ते दुसऱ्या गायीच्या पोटात रुजवले. शिकलेली माणसे याला क्लोन म्हणतात. मला मात्र ते कोडे वाटते. बीज एकीचे, पोट दुसरीचे, रूप तिसऱ्याचे, तर सांगा, मी कोणाचा?

माझ्याआधी अशी कितीतरी बीजे रुजवली होती. बहुतेक धरलीच नाहीत. काही वासरे जन्मली आणि दूध ओढण्याआधीच गेली. केंद्रात माझ्या शेजारची दावण रिकामी का असायची, ते मला फार उशिरा कळले.

मी इथे आलो त्याआधीच शेंद्र्या वारला होता. त्याला बांधावर पुरले होते. कुंभार पिंपळगावच्या आसपासची वाडी-वस्ती मला पाहायला लोटली. कोणी गुलाल टाकला, कोणी पाया पडले, कोणी लांबूनच "भुताटकी हाय बाबा" म्हणून परत फिरले. शेजारचा कडूबा माझ्याभोवती चक्कर मारून म्हणाला,

"सर्जेराव, आता माझीबी एक कापी काढून घ्या. एक रानात जाईल, एक पारावर बसंल."

"एकच सोसवंना मला," त्याची बायको उषाबाई मागून म्हणाली, "दुसऱ्याला कोन जेवू घालतंय?"

सगळे हसले. एकटा अंगद हसला नाही. अंगद म्हणजे सर्जेराव आणि गिरिजाबाईंचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. तो माझ्याजवळ आला, मानेखाली खाजवले आणि हळूच म्हणाला, "ये पाव्हण्या." सगळे मला शेंद्र्या म्हणत. तो एकटा मला पाव्हणा म्हणायचा.

मी वाढलो. माझे खूप लाड झाले, पण प्रत्येक लाडाला शेपूट असायचे. "शेंद्र्याला पेंड आवडायची, खा." "शेंद्र्या डाव्या अंगाला बसायचा, इकडं बस." मला उजवीकडची भिंत आवडायची, कारण तिथे सकाळचे ऊन यायचे. गिरिजाबाई कोंडा कालवताना गुणगुणायच्या:

*एका डहाळीची गं, दोन पानं साजिरी*
*एक गळून गेलं, एक डोले वाऱ्यावरी*

ती ओवी त्या माझ्यासाठी म्हणत नव्हत्या. एका दुपारी अंगद माझ्या पाठीवर खरारा फिरवत होता, तेव्हा मला ते कळले.

"तुझं अन् माझं एकच हाय, पाव्हण्या," तो म्हणाला. "माझ्या आदी एक अंगद व्हता. जावळ काढलं अन् थोड्या दिसांत तापानं गेला. मंग मी आलो. समद्यांनी म्हटलं, गेलेलाच परत आला. नाव बी त्याचंच ठिवलं. हे कुणाला बोललो न्हाई कधी. तू काय, मुकं जनावर."

मी मान हलवली. मुक्या जनावराला एवढेच करता येते.

मग माझ्या हातून, म्हणजे पायांतून म्हणा, घोटाळा झाला. शेंद्र्याची ख्याती अशी की आठवडी बाजार उरकला की सर्जेराव छकड्यात आडवे व्हायचे आणि तो त्यांना झोपेतच दारात आणून सोडायचा. मला गाडीला जुंपायला लागून थोडेच दिवस झाले होते. बाजारातून निघाल्यावर सर्जेरावांनी कासरा सैल सोडला, फेटा उशाला घेतला आणि ते घोरू लागले. मी रस्त्यावर उभा राहून विचार केला. घर कुठे? मला ती वाट कोणी कधी शिकवली नव्हती. वारा घनसावंगीकडून येत होता आणि त्याला उसाचा वास होता. मी वासामागे गेलो.

सर्जेराव जागे झाले तेव्हा मी परक्याच्या फडात पाचट चघळत होतो आणि फडवाला काठी घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी कडूबा दारातूनच ओरडला, "काय सर्जेराव, सासुरवाडीला निघाल्ते म्हनं झोपंत?"

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. "रूप बराबर आलं, अक्कल न्हाई आली," सर्जेराव म्हणाले. "नकली माल." मला पुढच्या दावणीवरून मागच्या कोपऱ्यात बांधले. पेंड बंद झाली. मित्रांनो, मी काही विसरलो नव्हतो. विसरायला आधी शिकावे लागते. शेंद्र्याची वाट त्याच्या खुरांत होती, कातडीत नव्हती.

अंगदने मात्र मला सोडले नाही. तो रोज मला हाताने धरून बाजाराच्या रस्त्याने न्यायचा, वळणावर थांबायचा आणि म्हणायचा, "हितून डावीकडं, पाव्हण्या. तुझ्या मनानं शिक." मी शिकलो.

गेल्या महिन्यात डॉक्टर अर्पिता माझे रक्त तपासायला आल्या. अंगदने माझी वेसण धरली होती. सर्जेराव ओट्यावर बसले होते. डॉक्टर सांगत होत्या की या विद्येने हरवत चाललेल्या जाती टिकवता येतील, चांगले वळू गावोगाव पोचवता येतील. तेवढ्यात गिरिजाबाई पुढे आल्या. त्यांनी कनवटीची एक मळकी पुरचुंडी सोडली. आत मऊ, तांबूस केसांची एक बट होती.

"डॉक्टरीनबाई, हे माझ्या थोरल्याचं जावळ हाय. समदं न्हाई सोडलं पाण्यात, येवढं राखून ठिवलं. बैलाचं झालं तसं मानसाचं हुईल का?"

माझी वेसण धरलेला हात घट्ट झाला.

डॉक्टरांनी हातातली सुई पेटीत ठेवली. मग त्यांनी गिरिजाबाईंना खाली बसवले. "आजी, असल्या जुन्या केसांतून होत नाही. आणि माणसाच्या बाबतीत परवानगी नाही, ते बरंच आहे. एका वासरामागं किती गेली, ते मी पाहिलंय. लेकरांच्या बाबतीत तो हिशोब कोण मांडणार? आणि समजा झालंच, तरी तो तुमचा थोरला नसेल. जुळी भावंडं असतात ना, तसा एक उशिरा जन्मलेला जुळा. त्याला स्वतःची भूक, स्वतःची झोप. तो कुणाच्या जागेवर आलेला नसेल."

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. हे शास्त्र तुमच्या हाती येईल. तुम्ही काय काय घडवाल, ते मला माहीत नाही. एवढेच सांगतो, ज्याला घडवाल त्याला आधीच्या कुणाचे तरी देणे फेडायला जन्माला घालू नका. त्याला उन्हाची भिंत त्याची त्याला निवडू द्या. आणि हे फक्त प्रयोगशाळेतून येणाऱ्यालाच लागू आहे असेही नाही.

डॉक्टर गाडीकडे गेल्या. अंगदने वेसण सोडली. मी जागचा हललो नाही.

"माय," तो म्हणाला, "नागपंचमीला मला ववाळती, तो दिस त्याच्या जन्माचा. मी तर माघातला. जवारीच्या कण्या त्याच्या आवडीच्या. मला कण्या आवडत न्हाईत, माय. बिलकुल न्हाई. इतकी वर्सं गिळून राह्यलो. मी तो न्हाई. तो गेला. मी दुसरा आलो."

"मायसंगं असं बोलतेत का?" सर्जेराव ओट्यावरून उठले.

"बोलू द्या त्याला," गिरिजाबाई म्हणाल्या. त्या पुरचुंडीकडे पाहत नव्हत्या, लेकाकडे पाहत होत्या.

"मला तो परत नको व्हता रे. नुसता एक डाव बघायचा व्हता. त्याचा फोटू न्हाई. त्याचं तोंड मला आठवंना झालंय, लई वर्सं झाली. आई असून लेकराचं तोंड इसरले, हे कुणाला सांगू? आठवाया बसलं की दर बारीला तूच पुढं येतोस. तुझंच नाक, तुझंच हसनं. त्याच्या जागी न्हाई रे, अंगद. तूच."