धाबं

बुधीबाईनं माती ठोकायचं लाकडी चोपणं खाली ठेवलं आणि शिडीवरून वर आलेल्या साहेबांच्या बुटांकडं पाहिलं. मेहरूणच्या या नव्या वाचनालयाला हरित इमारतीचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, ते ठरवायला साहेब थेट पुण्याहून आले होते. त्यांनी होकार दिला तर तिनं घातलेलं मातीचं छत राहणार होतं, नाही तर ते उतरवून पत्रे. महिनाभर चोपून हाताला घट्टे पडले होते, पण पत्र्याचं नाव निघालं की तिचा जीव त्याहून दुखायचा.

साहेबांनी चारी कोपरे न्याहाळले.

"धाबा कुठाय?"

"धाबा?" इंजिनीअर मृणाली गोंधळली.

"अर्जात लिहिलंय ना, छतावर धाबा. चूल आली, धूर आला. अग्निशमनचा दाखला कुठं जोडलाय?"

बुधीबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

"साहेब, धाबावरच त उभा शेतस तुम्ही!"

साहेब पायाखाली बघतच राहिले. लाकडं, त्यावर काड्या, वर खारी माती. सातपुड्याच्या पायथ्याला घरं अशीच धाब्याची, असं मृणालीनं समजावलं.

मग ते खाली वाचनालयात शिरले. साहेबांनी तापमापक यंत्र काढलं: बाहेर चव्वेचाळीस अंश, आत तेहतीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून साहेबांनी दुसरं काढलं, तर तेही तेच सांगू लागलं. बुधीबाईला आकड्यांचं काय कौतुक? घाम पुसायचा रुमाल साहेबांनी खिशात टाकला, तेव्हाच तिची छाती फुलली होती.

"दरवर्षी माती टाकणार कोण? तज्ज्ञाचं नाव लागेल," साहेब म्हणाले.

मृणालीनं क्षणाचाही विचार न करता लिहिलं, बुधीबाई पावरा.

"आणि यांच्यानंतर?"

बुधीबाईनं मृणालीचा डावा हात धरून पुढं केला. नखांत खारी माती होती.

"हाई शे ना. घाई करस, पन शिकी जाई."

बाकी सगळ्या पानांवर मृणालीनं 'मुख्य अभियंता' म्हणून सही केली होती. इथं तिनं बुधीबाईच्या नावाखाली आपलं नाव घातलं आणि पुढं एकच शब्द लिहिला. साहेबांनी तो वाचला, हसून खाली मंजुरीची सही ठोकली.

"काय लिखं, ताई?"

"शिकाऊ."

बुधीबाईनं पदर खोचला.

"मंग चाल वर. तो कोपरा आजून कच्चा शे."